"मनातल्या मनात हात हलवा" म्हणजे नेमकं काय करायचं? पक्षाघातानंतरच्या सरावाबद्दल, निपाणी-बेळगावकडच्या घरांसाठी

डिस्चार्जचा कागद हातात देताना फिजिओथेरपिस्ट सांगतात, "रोज थोडा वेळ मनातल्या मनात हात हलवायचा हं, मावशी." मावशी मान डोलावतात. घरी आल्यावर त्या डोळे मिटून कॉटवर बसतात, घरचे समोर बसतात, आणि आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. चार दिवसांनी भावकीतलं कुणीतरी म्हणतं, "नुसता विचार करून हात हलला असता तर डॉक्टर कशाला पाहिजे होते?" झालं, सराव बंद.

माझ्या आईला डाव्या मेंदूत पक्षाघात झाला, उजवा हात गेला आणि बोलणं थोडं अडखळायला लागलं. निपाणीत राहून बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडं खेपा घालत आम्ही हे सगळं केलं. मी डॉक्टर नाही. त्यामुळं इथलं काहीही तुमच्या डॉक्टरांशी आणि फिजिओशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. पण त्यांना काय विचारायचं, हे हा लेख वाचून नक्की कळेल.

मुख्य मुद्दा असा. हालचालीची कल्पना करणं हेही मेंदूचंच काम आहे. ज्या झटक्यानं हात गेला, त्यानं कल्पना करायची ताकदही दुखावलेली असू शकते. म्हणून माणसाला सरावाला बसवायच्या आधी ती ताकद किती शिल्लक आहे ते बघायचं. हीच पायरी सगळे गाळतात.

१. पहिल्या काही तासांत यातलं काहीच करायचं नाही

हे थोडक्यात सांगते, पण आधी सांगणं भाग आहे. तोंड वाकडं झालं, उचललेला हात खाली पडला, बोबडी वळली, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर आधी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. माणूस धडधाकट शेवटचा कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर रात्री झोपायला गेल्याची वेळ धरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनवर बघितल्याशिवाय ते देत नाहीत.

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या लोकांनी कोल्हापूर गाठायचं की बेळगाव, हे आजच ठरवून ठेवावं. चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन कुठं मिळतं, ते विचारून नंबर दारामागं चिकटवा. सीमेवरच्या गावात १०८ ची गाडी राज्याची हद्द ओलांडून नेईल का, हेही आधीच विचारून ठेवा.

सापळे: तोंडात पाणी, चहा किंवा औषध घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. बोटांना सुई टोचून रक्त काढायचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला आणि "वारं गेलंय, अमक्या गावचं तेल लावा" हा शेजारचा सल्ला, दोन्हींत वेळ जातो. या आजारात गेलेला वेळ भरून निघत नाही.

२. कल्पना मेंदूत कुठं घडते, हे समजून घ्या

आई उभा जन्म विड्या वळत आली. मांडीवर सूप, डाव्या हातात पान, उजव्या हातात चिमूटभर तंबाखू. तिला म्हटलं, "डोळे मिट आणि एक विडी वळ", तर तिच्या मेंदूत काय होईल?

जागा कुठली आणि क्रम काय, हे मेंदूच्या पुढच्या भागातली प्रीमोटर आणि सप्लिमेंटरी मोटर ही क्षेत्रं ठरवतात. हात शरीराच्या मानानं कुठं आहे, पान कसं धरलंय, याचा हिशेब वरच्या-मागच्या भागात, म्हणजे पॅरायटल लोबमध्ये होतो. आत खोलवरचा पुटामेन आणि मागचा छोटा मेंदू वेग आणि लय सांभाळतात. स्नायूंना थेट हुकूम सोडणारं जे मुख्य क्षेत्र आहे, प्रायमरी मोटर कॉर्टेक्स, ते मात्र कल्पनेच्या वेळी दर वेळी जागं होतंच असं नाही. २०१३ साली ७५ शोधनिबंध एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही हेच दिसलं. थोडक्यात, खरी हालचाल आणि कल्पनेतली हालचाल बरीचशी यंत्रणा वाटून घेतात, फक्त शेवटचा हुकूम सुटत नाही. हात लुळा असला तरी सराव चालू ठेवता येतो तो याच जोरावर.

आता पक्षाघाताकडं या. रक्त न मिळाल्यानं मेंदूचा एक तुकडा मरतो, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पावसाळ्यात वेदगंगेवरचा जत्राट-भिवशी बंधारा पाण्याखाली गेला की दोन्ही गावं जागच्या जागी शाबूत असतात, पण येणं-जाणं तुटतं आणि लांबचा वळसा पडतो. मेंदूतही पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या लांब तंतूंना मार बसला, तर दोन्ही टोकांचे भाग स्कॅनवर चांगले दिसतात आणि कल्पना तरी जमत नाही.

यावर झालेल्या अभ्यासांतले दोन इथं उपयोगाचे आहेत. अँजेला सिरिगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं, की पॅरायटल भागाला इजा झालेल्या रुग्णांना आपली हालचाल किती वेळ घेईल याचा मनात अंदाजच बांधता येत नाही. उलट मोटर कॉर्टेक्सला इजा झालेल्या माणसाची कल्पनेतली हालचाल खऱ्या हालचालीइतकीच मंद होते, म्हणजे दोन्हींचा मेळ टिकतो. २०१६ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी रुग्णांचे स्कॅन आणि त्यांची कल्पनाशक्ती यांची सांगड घातली. डावा पुटामेन, डावं खालचं प्रीमोटर क्षेत्र आणि पुढचा-मागचा भाग जोडणारे लांब तंतू दुखावलेल्यांत कल्पना करायची ताकद कमी आढळली.

म्हणून शेजारच्या काकांना या सरावानं फरक पडला म्हणून आपल्या माणसाला पडेलच असं नाही. दोघांचा हात सारखाच लुळा दिसेल, पण आतली इजा वेगळ्या ठिकाणी असू शकते.

३. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा

बहुतेक घरांत एमआरआयची फिल्म कपाटावर पडून असते आणि रिपोर्ट कुणी वाचत नाही. इंग्रजी आहे म्हणून घाबरू नका, चार-पाच शब्द शोधायचे आहेत. "इन्फार्क्ट" म्हणजे रक्त न मिळून मेलेला भाग, "हेमरेज" म्हणजे रक्तस्राव. त्यापुढं जागा लिहिलेली असते.

- इंटर्नल कॅप्स्युल, कोरोना रेडिएटा, पॉन्स: हुकूम खाली नेणारी वाट इथं तुटलेली असते. हात-पाय पार गेलेले दिसले तरी कल्पनेची यंत्रणा पुष्कळदा बरी असते. अशांना सराव लवकर जमायची शक्यता जास्त.
- पॅरायटल: वेळेचा आणि जागेचा हिशेब चुकतो. उजव्या बाजूची इजा असेल तर माणूस डावीकडचं जगच विसरतो, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते.
- फ्रंटल, प्रीमोटर, इन्सुला: डाव्या बाजूला असेल तर बोलणं-समजणंही अडखळतं. कल्पनेचा क्रम लागत नाही.
- गँग्लिओकॅप्स्युलर, पुटामेन: मेंदूच्या आत खोलवरच्या केंद्रांना मार. सावकाश तपासून घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीन: इजा वरच्या थरात आहे की खोल? पॅरायटल किंवा प्रीमोटर भागाला इजा झालीय का? दुसऱ्या बाजूला जुनी इजा आहे का? ओपीडीत डॉक्टरांकडं वेळ नसतो. प्रश्न कागदावर लिहून न्या आणि आत गेल्या-गेल्या कागदच पुढं करा.

एक जपा. रिपोर्टवरून नुसता अंदाज येतो, ताकद आहे की नाही हे पुढच्या पायरीत माणसावरच बघायचं असतं.

४. कल्पना करता येते का, ते तपासा

हे फिजिओसमोर एकदा करून घ्या, मग घरी करता येतं. लागतं काय? मोबाइलचं स्टॉपवॉच, एक वही, पेन, आणि डाव्या-उजव्या हातांचे वेगवेगळ्या कोनांतले छापलेले फोटो. चष्मा असेल तर डोळ्यांवर हवाच.

*(अ) किती स्पष्ट?* आधी चांगल्या हातानं एखादी हालचाल खरी करायला सांगा, समजा अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. मग तीच मनात. मग दोन वेगळे प्रश्न: दिसलं किती स्पष्ट? आणि हातात *जाणवलं* किती? दोन्हींना १ ते ५ गुण. फिजिओथेरपिस्ट यासाठी केव्हीआयक्यू नावाची चाचणी वापरतात, ती कॅनडातल्या फ्रान्सिन मालुआँ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. दुखरा हात नंतर घ्या. दिसणं आणि जाणवणं वेगळं ठेवायचं कारण असं, की पुष्कळ जण लांबून सिनेमा बघावा तसा आपलाच हात बघतात. आपल्याला हवंय ते आतून जाणवणं.

*(आ) किती वेळ?* एक काम खरं करताना वेळ घ्या, मग मनात करताना. सुरुवातीला आणि शेवटी "हं" म्हणायला सांगा. निरोगी माणसात दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या येतात. ज्याँ डिसेटी आणि मार्क जाँरो यांच्या १९८९ च्या प्रयोगात, चालत जायला लागणारा वेळ आणि मनात चालायला लागणारा वेळ जुळला होता.

इथं थोडं थांबा, कारण घरात सगळ्यांत जास्त उपयोग याच तपासणीचा होतो. दुखरा हात थोडाफार हलत असेल, तर त्याची कल्पनाही मंदच व्हायला हवी. आई सुरुवातीला डोळे मिटून क्षणात "झालं" म्हणायची, आणि खरा पेला उचलायला मात्र तिला कितीतरी वेळ लागायचा. ती आजच्या हाताची कल्पना करत नव्हती, जुन्या हाताची आठवण काढत होती. फिजिओ मॅडमनी तिला सांगितलं, "मावशी, तेव्हाचा नको, आत्ता मांडीवर आहे तो हात उचला." तेव्हा ती पहिल्यांदा दमली. वेळही लांबली, आणि ते चांगलं लक्षण होतं.

*(इ) डावा की उजवा?* हाताचा फोटो दाखवून विचारायचं, कुठला हात? उत्तर देताना आपण नकळत आपला हात मनात त्या कोनात फिरवत असतो. लॉरेन्स पार्सन्स यांच्या १९८७ च्या कामातून हे पुढं आलं. अवघडलेल्या कोनातल्या फोटोला जास्त वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. सगळ्या फोटोंना सारखाच वेळ लागतोय, किंवा एकाच बाजूचे सारखे चुकताहेत, तर फिजिओला सांगा.

सापळे इथं बरेच आहेत.

बोललेलं नीट समजत नसेल, म्हणजे अफेजिया असेल, तर गुण विचारून उपयोग नाही. माणूस सगळ्यालाच "पाच" म्हणेल.

हात जागचा हलत नसताना आई ठासून म्हणायची, "हलवाय लागलोय की मी! दिसंना व्हय तुमास्नी?" असं ऐकलं की हसण्यावारी नेऊ नका. सूचना नीट समजली नसेल, किंवा हात गेलाय याचीच मेंदूला जाणीव नसेल. दुसरी शक्यता डॉक्टरांनी तपासायची असते.

झोप, उदासी आणि शुगरचा चढ-उतार या तिन्हींनी चाचणी बिघडते. एका दिवसावर निकाल लावू नका.

५. कुठं जायचं आणि कुठली कागदं न्यायची

बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे आणि नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल. केएलईचं फिजिओथेरपीचं कॉलेजही तिथंच आहे. कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय. निमहान्स ही बंगळुरूची मेंदू-मनाच्या आजारांची संस्था आणि कर्नाटक सरकार यांच्या कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्हमधून जिल्हा रुग्णालयांत मेंदूच्या आजारांसाठी क्लिनिक सुरू झालीत. जिल्हा रुग्णालयात गेलात तर त्याची चौकशी जरूर करा.

खर्चाचं. कर्नाटकातल्या बीपीएल रेशन कार्डावर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कार्डावर पॅकेजच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीची केस सोडली तर खासगी हॉस्पिटलसाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. हे पत्र मागाहून मिळवायला गेलात तर चपला झिजतात, म्हणून आधीच घ्या. ही योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. घरी येणाऱ्या फिजिओची फी खिशातून जाणार हे धरून चाला, आणि महिनाभर रोज बोलावण्यापेक्षा थोड्या भेटींत घरच्यांनी शिकून घेणं परवडतं.

महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आहे. दोन सरकारांच्या ओढाताणीत त्याचं कधी काय होईल हे आपल्या हातात नाही. कोल्हापूर-मिरजेला न्यायच्या आधी त्या हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला फोन करा आणि आजच्या तारखेला कुठली कागदं चालतात ते विचारा.

पिशवीत हे असू दे:

- डिस्चार्ज समरी, मूळ आणि दोन झेरॉक्स
- सीटी आणि एमआरआयच्या फिल्म, रिपोर्ट, जमलं तर सीडी
- चालू गोळ्यांची यादी, बीपी-शुगरची वही
- पेशंटचं आणि सोबतच्या माणसाचं आधार, रेशन कार्ड, रेफरल पत्र
- पासपोर्ट साइज फोटो
- चौथ्या पायरीतली वही

सरकारी फॉर्म कन्नडमध्ये असतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना बोलता येतं पण वाचता येत नाही. शाळेत कन्नड शिकलेलं पोरगं सोबत न्या, खिडकीवरच्या अनोळखी माणसाकडून फॉर्म भरून घेऊ नका. फिजिओच्या बाबतीत तर स्पष्टच सांगते, की सूचना पेशंटच्या घरच्या बोलीत हव्यात. परक्या भाषेतली सूचना आधी उलगडून घेण्यातच थकलेला मेंदू दमतो, हालचालीची कल्पना करायला त्राण उरत नाही. आमच्या मॅडम कन्नडच्या, पण त्यांनी मला समजावलं आणि मी आईला आमच्या बोलीत सांगितलं.

६. सरावाचं बोलणं तयार करा

"हात हलव" या दोन शब्दांवर कल्पना उभी राहत नाही. पेशंटच्या हाताला वर्षानुवर्षं सवय आहे असं काम निवडा, त्याचे तुकडे पाडा आणि हाताला काय जाणवतं ते शब्दांत घाला. शेतकऱ्याला विळा, शिंप्याला कात्री, घरात राबणारीला भाकरी थापणं.

आईनं अर्थातच विडी निवडली. मॅडमनी अट घातली, की आधी पेला, दाराची कडी, ब्लाऊजचं बटण, आणि विडी सगळ्यांत शेवटी. शिवाय तंबाखू नाही, कारण पक्षाघात झालेल्या माणसाजवळ तंबाखू कशाला ठेवायची. प्रत्यक्ष सरावासाठी पानात तंबाखूऐवजी वाळका पाला भरायचा असं ठरलं. आईला तो तिच्या कलेचा अपमान वाटला आणि ती दोन दिवस मॅडमशी धड बोलली नाही.

मोबाइलवर माझ्या आवाजात केलेलं रेकॉर्डिंग साधारण असं होतं:

"आई, पाठ टेकून बस. खांदे सैल सोड. उजवा हात मांडीवर आहे. हाताचं वजन मांडीला लागतंय. आता उजवी बोटं सुपाकडं न्यायची. मनगट जड आहे, सावकाश. बोटांच्या टोकांना भुगा लागला, कोरडा, खरबरीत. अंगठा आणि दोन बोटं जवळ येताहेत. चिमूट धरली. आता डाव्या हातातलं पान, ओलसर, गार. चिमूट पानावर पसरायची. कड अंगठ्यानं आत दुमडायची... दाब... गुंडाळ. थांब. हात परत मांडीवर."

प्रत्येक वाक्यानंतर जागा मोकळी सोडा, कारण आजचा हात मंद आहे. घाईनं वाचलं तर माणूस परत जुन्या हाताकडं पळतो. "तू" म्हणा, "तुम्ही" म्हणा, पण घरात जसं बोलता तसंच बोला. पुस्तकी आवाजात सांगितलं की आई झोपायची.

७. रोजची बैठक

वेळ अशी निवडा की पेशंट ताजातवाना असेल, टीव्ही बंद असेल आणि पाहुणे यायची वेळ नसेल. सुरुवातीला पाच-सात मिनिटं पुरे, पुढं फिजिओ सांगतील तशी वाढवा. वीस-तीस मिनिटांच्या वर ताणू नका.

क्रम असा ठेवा: थोडा खरा प्रयत्न, मग तेच मनात तीन-चार वेळा, मग परत खरा प्रयत्न. कल्पना खऱ्या व्यायामाला जोडूनच चालते. एकटी कल्पना घेऊन बसलात तर फार आशा ठेवू नका, आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेतल्या स्टीफन पेज यांच्या गटानं २००७ साली पक्षाघाताला बराच काळ झालेल्या ३२ रुग्णांवर सहा आठवडे प्रयोग केला. नेहमीच्या थेरपीला कल्पना-सराव जोडलेल्या गटाचा हात जास्त सुधारला. पुढं २०११ साली ब्रिटनमध्ये १२१ रुग्णांवर चार आठवड्यांचा मोठा प्रयोग झाला, त्यात नुसत्या कल्पना-सरावाचा फायदा दिसला नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानं २५ अभ्यास, ६७६ रुग्ण तपासले आणि निष्कर्ष काढला, की इतर उपचारांसोबत दिल्यास हाताची कामं करायची क्षमता बहुधा सुधारते. दोन्ही बाजू माहीत असल्या की कुणी "ब्रेन पॉवर थेरपी"च्या नावाखाली हजारोंचं पॅकेज विकायला आलं तर त्याला काय विचारायचं ते कळतं.

बैठकीत घरच्यांनी डोळे हातावर ठेवावेत. कल्पना करताना स्नायू ताठ होताहेत का, मूठ आवळली जातेय का, श्वास रोखला जातोय का? तसं दिसलं तर थांबवा आणि सैल सोडायला सांगा. मधूनच विचारा, "आत्ता कुठं आलीस?" उत्तर आलं नाही तर माणूस डुलकीत आहे किंवा भरकटलाय. आईचं उत्तर एकदा आलं, "सुनंदाच्या दारात." विडी वळता वळता ती कारखान्यातल्या मैत्रिणीकडं पोचली होती. मग रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून.

८. कल्पना जमतच नसेल तर

चौथ्या पायरीत गुण कमी आले, वेळा कुठंच जुळल्या नाहीत, तर पेशंटला "नीट लक्ष दे" म्हणून दटावू नका. लक्ष द्यायची यंत्रणाच दुखावलेली असेल. मग वाट बदलायची.

*बघून करणं.* त्याच्याच जागेवरून दिसेल असा, हात काम करतानाचा व्हिडिओ काढा. आम्ही आईच्या खांद्यावरून मोबाइल धरून शेजारणीचे हात टिपले. आधी बघायचं, मग करायचा प्रयत्न. कल्पना आतून उभी करावी लागत नाही, डोळ्यांतून आयती मिळते.

*आरसा.* चांगला हात आरशासमोर, दुखरा आरशामागं. चांगला हात हलवला की आरशात दुखरा हलतोय असं दिसतं. पक्षाघातात हा उपाय एरिक आल्टशुलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून मांडला, आणि २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात ६२ अभ्यासांवरून त्याचा हातापायाच्या हालचालीला फायदा दिसला. महागडा बॉक्स विकत घ्यायची गरज नाही. फोटोफ्रेमवाल्याकडून दीड-दोन फुटांचा आरसा कापून आणा, कडा घासून त्यावर जाड टेप लावा, मागं लाकडी टेकू द्या. दुखऱ्या हाताला जाणीव कमी असते, कडेनं कापलं तरी कळत नाही, म्हणून टेप विसरू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, नाहीतर खोटेपणा लगेच पकडला जातो. कुणाला गरगरतं, कुणाला रडू येतं. तसं झालं तर आरसा झाकून ठेवा आणि फिजिओला कळवा.

डावीकडचं भान गेलेल्या माणसाला आरशाच्या कुठल्या बाजूला बसवायचं, हे मात्र तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या.

९. वही, धोक्याच्या खुणा आणि सहा महिन्यांनंतरचा कागद

वहीत रोज एक ओळ पुरे: तारीख, काम, खरा वेळ, मनातला वेळ, स्पष्टपणाचे गुण. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू कमी होतंय का, तेवढं बघा. हाताची सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त वेगानं होते, पुढं वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही.

खांदा दुखायला लागला, हात सुजला, बोटं आवळून ताठ झाली, तर सराव थांबवून दाखवा. उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निसटतो. जेवण-झोप सुटली, माणूस बोलेनासा झाला, तर ती उदासी असू शकते आणि तिच्यावर औषध आहे. पुन्हा तोंड वाकडं, नवी बोबडी, नवा अशक्तपणा दिसला तर वही ठेवा आणि थेट पहिल्या पायरीवर या.

अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. मेंदूच्या आजारात मोजमाप साधारणपणे आजाराला सहा महिने झाल्यावर करतात, त्यामुळं दोन महिन्यांतच बोर्डासमोर नेऊन पेशंटला दमवू नका. चाळीस टक्के किंवा त्याच्या वर आलं तर सवलती आणि पेन्शनसाठी अर्ज करता येतो. आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव एकच आहे का ते आधी बघा. आपल्याकडं एका कागदावर मराठी वळणाचं नाव असतं आणि दुसऱ्यावर कन्नड वळणाचं, आणि अर्ज नेमका तिथंच अडकतो. बोर्डासमोर पाचव्या पायरीतली पिशवी सगळी न्या. फिल्म उन्हात किंवा ओलाव्यात ठेवल्या की एकमेकींना चिकटतात, म्हणून मध्ये कोरा कागद घालून उभ्या ठेवा आणि रिपोर्टचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.